नाव आणि नावं

मराठीत मुलाचं नाव ठेवतात आणि माणसाला नावं ठेवतात. क्रियापद तेच, नामही तेच. एकवचनाचं अनेकवचन झालं, शब्दावर अनुस्वार चढला, की बारशाची निंदा होते. आपला ‘नाव’ संस्कृत ‘नामन्’मधून आला आणि ग्रीक ‘ओनोमा’ त्याच कुळातला. ग्रीकमध्ये ‘ओनोमा’ म्हणजे नाव आणि ‘ओनोमाइ’ म्हणजे दोष देणं. या दोन ग्रीक शब्दांचं मूळ एकच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण ग्रीक पुराणकथांमधल्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र दोन्ही एकदमच आले.

या स्त्रियांच्या बाजूने त्या कथा पुन्हा सांगणाऱ्या कादंबऱ्यांची इंग्रजीत गेल्या वीस वर्षांत रांग लागली आहे. मार्गारेट अ‍ॅटवुडची ‘द पेनेलोपियाड’ 2005 ची. 2018 मध्ये मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ आणि पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ आली. मग नॅटली हेन्सची ‘अ थाउजंड शिप्स’ (2019) आणि मेड्युसावरची ‘स्टोन ब्लाइंड’ (2022), जेनिफर सेंटची ‘अ‍ॅरिअ‍ॅडनी’ (2021), कोस्तान्झा कसातीची ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ (2023). या कादंबऱ्यांकडे ‘स्त्रीवादी पुनर्कथन’ म्हणून पाहिलं जातं आणि ते बरोबरच आहे. मला त्या शब्दांच्या वाटेने वाचाव्याशा वाटतात. या बायकांची बदनामी शब्दांनी केली. त्यातले काही शब्द खुद्द जुन्या कवींचे, पण कितीतरी नंतरच्या लेखनिकांनी, भाषांतरकारांनी आणि म्हणी बनवणाऱ्यांनी त्यांच्या माथी मारलेले. कुठला बोल मुळातला आणि कुठला मागाहून चिकटलेला, हे वेगळं करत गेलं की या कादंबऱ्यांचं खरं बळ कशात आहे ते कळतं.

सुरुवात क्लायटेम्नेस्ट्रापासून करू. ट्रॉयहून विजयी होऊन परतलेल्या नवऱ्याला, अगामेम्नॉनला, मारणारी ही राणी. युद्धाला निघताना वारा पडला म्हणून त्याने स्वतःच्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी दिला होता, हे तिच्या बाजूचं कारण. तिच्या नावाची फोड दोन प्रकारे होते. पहिला भाग ‘क्लिटोस’ म्हणजे कीर्तिमान, लोकांच्या कानी गेलेली. संस्कृत ‘श्रुत’ आणि हा शब्द एकाच मुळाचे. आपल्या ‘सर्वश्रुत’, ‘बहुश्रुत’मधला तोच श्रुत. भांडण आहे ते दुसऱ्या भागाचं. आज रूढ असलेल्या रूपात एक ‘न’ आहे आणि त्यामुळे ते ‘म्नाओमाइ’शी, म्हणजे मागणी घालण्याशी, जुळतं: जिला मागणी घालणाऱ्यांची कीर्ती झाली ती. पण ग्रीक मातीच्या भांड्यांवरच्या लेखांत आणि एस्किलसच्या नाटकांच्या सर्वांत महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितात हा ‘न’ नाही. तिथे ती ‘क्लिटाइमेस्ट्रा’ आहे. मग दुसरा भाग ‘मेदोमाइ’कडे जातो, म्हणजे बेत आखणं, मसलत करणं. आपल्या मसलतीसाठी सर्वश्रुत असलेली, हा तिच्या नावाचा जुना अर्थ. मध्ययुगीन लेखनिकांच्या लेखणीतून एक व्यंजन आत शिरलं आणि डोक्याने ओळखली जाणारी बाई वरांच्या रांगेवरून ओळखली जाऊ लागली.

होमरला हा जुना अर्थ ऐकू येत होता असं मानायला जागा आहे. ‘ओडिसी’त अगामेम्नॉनचं भूत पाताळात तिच्याविषयी बोलतं तेव्हा तिने जे केलं त्यासाठी याच ‘मेदोमाइ’चं रूप येतं, आणि ते एकदा नव्हे, अकराव्या सर्गात आणि पुन्हा चोविसाव्यात. तिथेच तो भूत झालेला नवरा भविष्य वर्तवतो: ओडिसियसच्या बायकोवर, पेनेलोपीवर, लोक गोड गाणं रचतील, आणि क्लायटेम्नेस्ट्रावर रचलं जाईल ते तिरस्काराचं. त्या तिरस्काराच्या गाण्याने सगळ्या बाईजातीचं नाव खराब होईल, अगदी भल्या बायकांचंसुद्धा. निंदेचं गाणं जन्माला येताना आपल्याला दिसतं, ते असं. त्याचा पहिला गायक आहे तिच्या हातून मेलेला तिचा नवरा. एस्किलसने 458 इसवीसनपूर्व साली रंगमंचावर आणलेल्या ‘अगामेम्नॉन’मध्ये पहारेकरी तिच्या काळजाला ‘आन्द्रोबूलोस’ म्हणतो, पुरुषासारखी मसलत करणारं. त्या शब्दात भीती आहे तितकाच आदर आहे. कसातीची कादंबरी वाचताना हे लक्षात ठेवावं, म्हणजे राजकारण करणारी, हिशेब मांडणारी तिची नायिका ही आजच्या काळाची कलमबाजी वाटणार नाही. ती नावातच होती.

याच मसलतीच्या घरातली दुसरी मेडिया, स्वतःच्या मुलांच्या हत्येचा डाग लागलेली. ‘मेदेया’ म्हणजे बेत आखणारी. ‘मेदेआ’ हा शब्द होमर देवांचा राजा झ्यूस याच्या योजनांसाठी वापरतो, आणि शहाणपणात झ्यूसच्या तोडीचा म्हणून ओडिसियसचा गौरव करतो. पुरुषाच्या अंगी असली की ती चतुराई, स्त्रीच्या अंगी असली की कपट. ग्रीक कवी हेसिअडच्या कथेत तर ‘मेटिस’ म्हणजे युक्ती ही एक देवताच आहे. तिच्या नावाचं नातं ‘मती’शी लावायचा मोह होतो, पण ते ‘मिती’शी आहे, मोजून मापून विचार करण्याशी. ती गरोदर असताना झ्यूस तिला गिळतो आणि त्या दिवसापासून युक्तीचा मालक तो होतो. मेड्युसाचंही असंच. ‘मेदूसा’ हे ‘राखणं, सत्ता चालवणं’ या अर्थाच्या क्रियापदाचं स्त्रीलिंगी रूप आहे: राखणारी. तिचं तोंड ग्रीक लोक ढालींवर आणि देवळांच्या छपरांवर कोरत ते संरक्षणासाठी. नावातलं राखण करणं त्या कोरीव कामात टिकलं, कथेत मात्र राक्षसीण उरली.

पँडोराचा शब्द तर आपल्या वर्तमानपत्रांतही रोज भेटतो. एखादं प्रकरण उकरून काढलं की ‘पँडोराची पेटी उघडली’ असा मथळा येतो. हेसिअडच्या काव्यात पेटी नाहीच. तिथे ‘पिथोस’ आहे, म्हणजे धान्य, तेल, मद्य साठवण्याचा माणसाएवढा मातीचा रांजण, पुष्कळदा अर्धा जमिनीत पुरलेला. सोळाव्या शतकात इरॅस्मसने ही गोष्ट लॅटिनमध्ये सांगताना ‘पिथोस’च्या जागी ‘पिक्सिस’ लिहिलं, म्हणजे झाकणाची छोटी डबी, आणि युरोपने तीच उचलली. या बदलाने गोष्टीचा नूरच बदलला. रांजण घराचा असतो. रोज त्यावरचं झाकण काढावं लागतं आणि ते काढण्याचं काम घरच्या बाईचं असतं. डबी हातातली, खाजगी, गुपिताची. डबी उघडणारी बाई चौकस, आगाऊ, सांगितलेलं न ऐकणारी ठरते. हेसिअड तिच्या कुतूहलाबद्दल एक अक्षर काढत नाही. ती हातांनी झाकण उचलते, एवढंच तो सांगतो. अर्थात त्याने तिला निर्दोष सोडलं असंही नाही. तिने माणसांसाठी दुःखं योजली असं तो म्हणतो आणि क्रियापद वापरतो तेच ‘मेदोमाइ’, क्लायटेम्नेस्ट्राचं.

तिच्या नावातलं ‘डोरा’ हे ग्रीक ‘दोरोन’ म्हणजे देणगी. संस्कृत ‘दा’ धातू तोच, ‘दान’ तोच. सगळ्या देवांनी तिला देणग्या दिल्या म्हणून ती पँडोरा, अशी फोड हेसिअड करतो. पण ग्रीकमध्ये हाच शब्द धरित्रीसाठी ‘सर्व काही देणारी’ या अर्थानेही येतो. आपल्याकडच्या वरदा आणि सुखदा या नावांतला ‘दा’ असाच देणारा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवीसनपूर्व पाचव्या शतकातली एक पांढऱ्या पृष्ठभागाची वाटी आहे. तिच्यावर अथीना आणि हेफेस्टस एका तरुणीला सजवताहेत आणि त्या तरुणीजवळ लिहिलेलं नाव पँडोरा नव्हे, ‘अनेसिदोरा’ आहे: जमिनीतून वर देणग्या पाठवणारी. पीक देणारी माती आणि धान्याचा रांजण, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की संकटं आणणाऱ्या बाईच्या मागे एक जुनी अन्नपूर्णा उभी असावी असं वाटू लागतं. नॅटली हेन्सने आपल्या अभ्यासग्रंथाचं नावच ‘पँडोराज जार’ (2020) ठेवलं, ते यासाठीच. तिने पेटी बाजूला सारून रांजण परत आणला.

ट्रॉयच्या युद्धाचं खापर जिच्यावर फुटलं त्या हेलनला मिळालेला शब्द सर्वांत कडवट आहे: ‘कुनोपिस’. ग्रीक ‘कुओन’ आणि संस्कृत ‘श्वन्’ एकच. दुसऱ्या भागातला ‘ओप्स’ आणि आपली ‘अक्षि’ एकाच मुळाच्या. म्हणजे श्वानाक्षी, कुत्र्याच्या डोळ्यांची. मराठीत ‘कुत्री’ म्हटलं की जी चारित्र्याची शिवी ऐकू येते, तीच युरोपीय भाषांतरकारांनाही ऐकू आली आणि त्यांनी शतकानुशतकं इथे वेश्येचे शब्द घातले. होमरचा कुत्रा वेगळा आहे. ‘इलियड’च्या पहिल्याच ओळींत रणांगणावरची प्रेतं कुत्र्यांच्या तोंडी जातात. कुत्रा म्हणजे हावरा, लाज नसलेला, मेलेल्यांवर जगणारा. अकिलीस अगामेम्नॉनवर चिडतो तेव्हा त्यालाही कुत्र्याच्या डोळ्यांचा म्हणतो, आणि तिथे कुणीही भाषांतरकार चारित्र्याचा अर्थ काढत नाही. हावरट, निर्लज्ज, असं सरळ लिहितो. शब्द तोच, पण पुरुषाच्या बाबतीत त्याची हाव दिसते आणि बाईच्या बाबतीत तिची शेज.

याहून मोठी गोष्ट म्हणजे हेलनला ‘कुनोपिस’ म्हणतं कोण? होमरच्या दोन्ही काव्यांत हा शब्द तिच्यासाठी दोनदा येतो, ‘इलियड’मध्ये आणि ‘ओडिसी’मध्ये, आणि दोन्ही वेळा तो तिच्याच तोंडी आहे. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम तिला तटावर शेजारी बसवून घेतो आणि सांगतो की दोष तुझा नाही, देवांचा आहे. तरीही ती स्वतःला नावं ठेवते. आजूबाजूचे लोक काय म्हणताहेत हे पुरतं ऐकू येणारी, आणि त्यांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकणारी बाई होमरने रंगवली. 2017 मध्ये एमिली विल्सन हिचा ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. इंग्रजीत संपूर्ण ‘ओडिसी’चा अनुवाद प्रकाशित करणारी ती पहिली स्त्री. तिने या जागी हेलनला वेश्या केलं नाही. कुत्र्यांनी पाठलाग करण्याची छटा ठेवून तो भार हेलनच्या चेहऱ्यावर खापर फोडणाऱ्यांकडे वळवला. एका विशेषणाचा अनुवाद बदलला आणि सगळं पात्र हललं.

आता सर्सी, ग्रीक उच्चारात किर्के. माणसांना डुकरं करणारी. तिला ‘ओडिसी’ने दिलेलं विशेषण ‘पोलिफार्माकोस’ असं आहे. ‘पोली’ म्हणजे पुष्कळ आणि ‘फार्माकोन’ म्हणजे औषध, विष, भारलेला पाला, सगळंच. आपल्या गावोगावच्या औषधदुकानांच्या पाट्यांवर ‘फार्मसी’ लिहिलेलं असतं ते याच शब्दावरून. सर्सीच्या मंतरलेल्या मुळ्या ‘फार्माका’ आहेतच, पण तिच्यापासून वाचण्यासाठी हर्मीस देव ओडिसियसला जी वनस्पती देतो तीही ‘फार्माकोन’च आहे. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात जखमी ग्रीक योद्ध्यांवर उपचार करणारे वैद्य येतात आणि त्यांचं विशेषण काय? ‘पोलिफार्माकोइ’. तोच शब्द, अनेकवचनात. छावणीत पुरुषांनी औषधं हाताळली तर अनेक औषधं जाणणारे वैद्य, बेटावर एकट्या बाईने हाताळली तर चेटकीण. होमरने दोघांना एकच शब्द दिला होता. फरक वाचणाऱ्यांनी केला.

आपल्याकडे हा फरक पुस्तकापुरता नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गाव सोडायला लावल्याच्या घटना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं मांडल्या आहेत. कुणी करणी करतं असा बोभाटा करून छळ करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलं. ‘चेटकीण’ हा शब्द लिहिताना म्हणून मराठी लेखकाने जपून लिहावं. मिलरच्या कादंबरीतली सर्सी पानं खुडते, वाटते, चुकते, पुन्हा करून पाहते. तिची जादू ही मेहनतीने मिळवलेली विद्या आहे. ही मिलरची कल्पना, पण ती ‘फार्माकोन’ या शब्दाशी इमान राखून केलेली आहे.

सर्सीचं आणखी एक विशेषण आहे: ‘औदेएसा’, माणसाच्या आवाजात बोलणारी. त्यातला ‘औदे’ म्हणजे वाणी. संस्कृत ‘वद्’ याच मुळाचा मानतात, आणि त्यातूनच आपलं ‘वदणं’. देवी असून माणसासारखं वदणारी, असं होमर का म्हणतो यावर अभ्यासक पुष्कळ लिहीत आले. मिलरने त्यावर पात्रच उभारलं. तिच्या सर्सीचा आवाज देवांच्या कानांना पातळ, किरटा वाटतो आणि तोच तिला माणसांच्या जवळ नेतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतलं एक विशेषण उचलून त्याचा स्वभाव करणं, हे मला या सगळ्या लेखनातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

काहींना मात्र नावंही ठेवली नाहीत आणि नावही ठेवलं नाही. ‘ब्रिसेइस’ म्हणजे ब्रिसेउसची मुलगी, एवढंच. क्रिसेइस म्हणजे क्रिसेसची. आपल्या जानकी, द्रौपदी, गांधारी, कैकेयी या नावांची घडण हीच आहे: बापावरून किंवा देशावरून. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) त्या नावांमागच्या बायका शोधल्या, ते मराठी वाचक विसरलेला नाही. ब्रिसेइसला ‘इलियड’ आणखी एक शब्द चिकटवतं: ‘गेरस’. लुटीतला मानाचा वाटा. संस्कृत ‘जरस्’, आपली ‘जरा’, हे त्याच्या नात्यातले शब्द. वडीलधाऱ्याला मिळायचा मान, त्यावरून मानकऱ्याचा वाटा. अकिलीस आणि अगामेम्नॉन यांचं सगळं भांडण मानपानाचं आहे आणि तो मान म्हणजे एक जिवंत मुलगी. तिचा नवरा अकिलीसने मारला, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी मेले. हे आपल्याला कळतं ते एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसच्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या, प्रेतापाशी ती विलाप करते तेव्हा. चोवीस सर्गांत ती बोलते ती तेवढीच. बार्करची कादंबरी त्या एका विलापाच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं आहे.

शेवटी ‘ओडिसी’तल्या बारा दासी. ओडिसियस घरी येऊन पेनेलोपीच्या मागे लागलेल्यांना मारतो, मग त्यांच्याबरोबर निजलेल्या दासींची पाळी येते. त्याचा मुलगा टेलेमाकस ठरवतो की यांना स्वच्छ मरण द्यायचं नाही, आणि गलबताच्या दोराला ओळीने फास बांधून तो त्यांना लटकवतो. तो त्यांना काय म्हणतो? गाजलेल्या इंग्रजी अनुवादांत इथे ‘रांडा’, ‘छिनाल’ अशा शिव्या आहेत. ग्रीकमध्ये एकही नाही, हे विल्सनने दाखवून दिलं. तिथे फक्त स्त्रीलिंगी सर्वनामं आहेत. इंग्रजीच्या अनेकवचनी सर्वनामाला लिंग नाही, त्यामुळे तिथे नाम घालण्याची गरज भासली आणि शिवीचं नाम घातलं गेलं. मराठीला ही अडचणच नाही. आपल्याकडे ‘ज्या’ आहे, ‘त्या’ आहे. होमरची ओळ मराठीत एक अक्षरही वाढवून न घालता येऊ शकते. अ‍ॅटवुडने या बारा जणींना ‘पेनेलोपियाड’मध्ये समूहगान दिलं आणि ज्या दुसऱ्यांच्या मालकीच्या होत्या त्यांच्यावर ‘राजी होतात का’ हा प्रश्न लादणाऱ्या काव्याला जाब विचारला.

पुन्हा सांगण्याची ही रीत नवी नाही. इसवीसनपूर्व सहाव्या शतकातल्या स्टेसिकोरस या कवीची आख्यायिका प्लेटोने ‘फेड्रस’मध्ये सांगितली आहे. हेलनची निंदा केल्यावर त्याची दृष्टी गेली. मग ती ट्रॉयला गेलीच नव्हती असं नवं काव्य त्याने रचलं आणि दृष्टी परत आली. त्या काव्याला ‘पालिनोदिया’ म्हणतात. ‘ओदे’ म्हणजे गाणं आणि ‘पालिन’ म्हणजे फिरून. आपल्या ‘फिरून’सारखाच, त्यात मागे वळणंही आहे आणि पुन्हा करणंही. 412 इसवीसनपूर्व साली युरिपिडीसने हीच निर्दोष हेलन रंगमंचावर आणली.

इथेच एक धोकाही आहे. फिरून गाणं म्हणजे धुऊन काढणं नव्हे. क्रिस्टा वोल्फ या जर्मन लेखिकेने 1996 च्या ‘मेडिया’मध्ये मुलांच्या हत्येचा डाग मेडियावरून काढला आणि तो कॉरिंथच्या लोकांवर ठेवला. त्याला आधार आहे. त्या मुलांना कॉरिंथकरांनी दगडांनी मारलं ही जुनी हकिकत प्राचीन ग्रीक लेखक पौसानियसने नोंदवली आहे. वोल्फने जुन्या पर्यायाकडे परत जाऊन लिहिलं, म्हणून ते पटतं. पण ज्या कादंबऱ्या केवळ सोयीसाठी आपल्या नायिकेचे हात कोरडे ठेवतात, त्या तिच्याकडून काहीतरी काढून घेतात. बेत आखणारी असं जिचं नावच आहे, तिचा बेत काढून घेतला तर उरतं काय? निर्दोष ठरवणं आणि ऐकून घेणं यांत अंतर आहे. गुन्हा केलेल्या बाईचंही ऐकून घेता आलं पाहिजे. तिच्या कृत्याचं कारण तिच्या शब्दांत कळलं पाहिजे.

या कादंबऱ्या आणि त्यांच्या मागची महाकाव्यं मराठीत आणणाऱ्यांकडे म्हणून माझं एकच मागणं आहे. वैद्यांसाठी जो शब्द निवडाल तोच सर्सीसाठी वापरून पाहा. पँडोराच्या हाताखाली रांजण ठेवा. दासींना ‘त्या’ म्हणा आणि तिथेच थांबा. एवढं केल्यावरही त्यांच्यातली कुणी दोषी वाटली, तर तो वाचकाचा निवाडा असेल. भाषांतरकाराने वाचकाच्या आधी तो देऊ नये.